अज्ञात म्हणजे कुणाला?

बाई, सलाम.

तुमचा फोटो फ्रेममध्ये घालून आला तेव्हा खाली नावाच्या आधी 'कै.' छापलेलं होतं. फ्रेमवाल्याची काही चूक नाही, गेलेल्या माणसाच्या नावाआधी तो आपणहूनच 'कै.' टाकतो. मी फ्रेम परत पाठवली. संग्रहालयाचे अध्यक्ष म्हणाले, राहू द्या हो, कोण बघतंय. मी म्हटलं, एस्तेर नावाच्या बाईला कैलासाला धाडू नका, त्यांचा मुक्काम वेगळीकडे आहे. मग काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. 'प्रभूवासी' लिहावं तर तुमच्या पाळकसाहेबांना विचारलं पाहिजे, आणि पाळकसाहेब गावाला गेलेले. शेवटी नुसतं नाव छापून आणलं. तुमच्या खुर्चीच्या वर तो फोटो लावलाय. जरा डावीकडे कलतो.

हे लिहितोय ते श्रद्धांजली म्हणून नाही. ती झाली, तुमच्या चर्चमध्ये झाली आणि संग्रहालयातही झाली, चहासकट. मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धवट टाकून जायची तुमची रीत नव्हती. शाळेत चाळीस पोरांना गप्प केलेली बाई, मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी मुद्दा संपल्याशिवाय वर्ग सोडायची नाही असं तुमचेच विद्यार्थी सांगतात. आणि माझ्या वेळी मात्र अशा उठून गेलात.

तुम्ही निवृत्त होऊन नगरच्या आमच्या एवढ्याशा संग्रहालयात आलात तेव्हा मला वाटलं, वेळ घालवायला आल्यात, महिन्याभरात कंटाळतील. वस्तूंची नोंद करणं हे माझं काम. वस्तू आली की तिचं माप, वजन, धातू, रंग, मागच्या बाजूला बारीक क्रमांक, फोटो. पहिल्या भागात फक्त डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं. ऐकीव माहिती दुसऱ्या भागात, आणि तीही सांगणाऱ्याच्या संमतीने. हा नियम मी तुम्हाला पहिल्याच दिवशी समजावला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पदर खोचून थेट दालनात जाऊन बसलात. स्टूल घेऊन. लोक काचेपुढे उभे राहून काय बोलतात ते ऐकायला.

तिथून माझ्या मागे साडेसाती लागली. तांब्याचं तोटीचं भांडं होतं, पाटीवर मी लिहिलं होतं 'तोटीचे भांडे, उपयोग अज्ञात'. मुकुंदनगरच्या एक आजी नातवंडांना घेऊन आल्या आणि हसत सुटल्या, म्हणाल्या, हा तर बदना, नमाजाआधी हातपाय धुवायचा, आमच्या न्हाणीत असाच होता. तुम्ही मला हाताला धरून तिथे नेलंत. आजी निघून गेल्यावर विचारलंत, "अज्ञात म्हणजे कुणाला रे?" मी म्हटलं, नोंदीला. तुम्ही म्हणालात, "नोंदीला डोकं असतं का? तुला अज्ञात. मग तसं लिही, संजयला माहीत नाही."

त्या दिवशी मी तुमच्याशी बोललो नाही. दुपारी माझ्या डब्यात गवार निघाली. तुम्ही वास घेऊन झाकण परत लावलंत आणि तुमचा डबा माझ्याकडे सरकवलात. आयुष्यात दोन गोष्टी सोसल्या नाहीत म्हणायचात, गवारीची भाजी आणि अर्धवट उत्तर. मी राहुरीचा, आमच्याकडे गवारीशिवाय आठवडा जात नाही. तेही एक भांडण तसंच राहिलं.

पाट्या चार भाषांत करायच्या हा हट्ट तुमचाच. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी. उर्दूसाठी कोठला मोहल्ल्यातल्या मास्तरांना तुम्हीच पकडून आणलंत. आणि प्रत्येक पाटी छापण्याआधी ज्यांची वस्तू त्यांना वाचून दाखवायची, 'हे असंच ना?' म्हणून विचारायचं. मी म्हणायचो, अशाने शंभर वर्षांत एक दालन होईल. तुम्ही म्हणायचात, शंभर वर्षांच्या वस्तू आहेत, त्यांना घाई नाही.

आता त्या टाकांचं.

हे वाचणाऱ्या कुणाला माहीत नसेल तर सांगतो, टाक म्हणजे देवघरातला चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर देव उठवलेला असतो. झिजला की नदीत सोडायचा आणि नवा करायचा. काष्टीजवळच्या एका घरचे पाच झिजलेले टाक भीमेत जायच्या ऐवजी तुमच्या निरोपामुळे आमच्याकडे आले. खंडोबा, भैरोबा, भवानी, जोगाई, आणि पाचवी एक नऊवारीतली उभी बाई. हातात काही नाही, आयुध नाही, वाहन नाही. मी पहिल्या भागात लिहिलं, 'टाक, चांदी, उभी स्त्री, नाव अज्ञात'. तुम्ही मागे उभ्याच होतात. या वेळी ओरडला नाहीत. म्हणालात, "ती माझ्या पणजीची सासू. गोदाआजी."

मला वाटलं थट्टा करताय. ख्रिस्ती बाईची आजी टाकावर कशी?

ते समजलं काष्टीच्या बाजारात. तुम्ही म्हणालात, चल, गाडी काढ. मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरून बसला होतात. बाजारात एका कांदेवाल्यासमोर थांबलात, कांद्याचा भाव विचारलात, महाग आहे म्हणालात आणि पिशवी त्याच्या तराजूमागे ठेवून सरळ पुढे निघालात. त्याने तुमच्याकडे पाहिलंही नाही. पाय लांब करून पिशवी मागे सरकवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागला. ते दगडूतात्या. परत येताना, श्रीगोंद्याच्या फाट्याशी तुम्ही सांगितलंत.

गोदाआजीला दोन मुलगे. ती गेल्यावर रीतीप्रमाणे तिचा टाक करून देवांत बसवला. पुढे धाकटा ख्रिस्ती झाला. त्याने देव नदीत सोडले नाहीत की मिशनच्या साहेबाला दिले नाहीत, थोरल्याच्या घरी नेऊन पोचवले. आईचा टाक देताना मात्र त्याचा हात सुटेना. थोरला म्हणाला, ठेव इथेच देवांत, आई काय वाटून घ्यायची वस्तू आहे का. तेव्हापासून पितृपक्षात थोरल्या घरी म्हाळ घालतात त्यासाठी धाकट्या घरून शेरभर गहू जातो. कोणी बोलत नाही, कोणी आभार मानत नाही. दगडूतात्या थोरल्याचे, तुम्ही धाकट्याच्या.

मी विचारलं, तुमच्या धर्मात हे चालतं का. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मी तिची पूजा करत नाही. पण ती आमची आहे. गव्हाला काय धर्म असतो?"

ही गोष्ट तुम्ही पाटीवर घेतलीत, गव्हासकट. आपलं मोठं भांडण झालं ते तिथे. मी म्हटलं, बाई, ही दोन घरांची आतली गोष्ट आहे. नोंदीत राहू द्या, भिंतीवर कशाला? सध्याचे दिवस कसे आहेत तुम्हाला दिसत नाही का? माणसं ओळीओळीत खोट शोधायला बसलेली आहेत. तुम्ही म्हणालात, भिंतीवर जे नाही ते पन्नास वर्षांनी नव्हतंच असं होतं. मी म्हटलं, बोलून मोकळ्या तुम्ही व्हाल, उत्तरं मला द्यावी लागतील. तुम्ही म्हणालात, "मग उत्तरं देऊ नकोस. त्यांनाच विचार." आणि पाटीचा मसुदा स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतलात.

त्याचं तुम्ही काय केलंत ते मला तुम्ही गेल्यावर कळलं. एक तुमच्या भाच्याला पाठवलात, शमुवेलला. एक दगडूतात्यांच्या घरी. दोघांना खाली एकच वाक्य, 'असंच आहे ना?' आणि त्याच आठवड्यात, गणपती बसलेले असताना, दुपारी उपासनेच्या गीतांचा सराव करताना तुमचं हृदय थांबलं. प्रश्न विचारून तुम्ही गेलात बाई. उत्तरं माझ्या दारात आली.

आधी शमुवेल आला. तुमची टेबलाची किल्ली परत करायला. शाळेत शिकवतो, बोलायला मऊ. किल्ली दिली आणि उठेना. मग म्हणाला, सर, ती ओळ काढा. आमच्या चर्चच्या पंचमंडळात मी वडील आहे, आमच्यातले म्हणतील वरून ख्रिस्ती आणि आतून म्हाळ घालतात. बाहेरचे म्हणतील, बघा, हे अजून आमचेच आहेत, चला परत. दोन्हीकडून मलाच धरतील. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही, पण टेबलाची कड त्याने घट्ट धरून ठेवली होती. आत्याने त्याला गव्हाचं कधी सांगितलंच नव्हतं, हे त्याला जास्त लागलं होतं असं मला वाटलं.

दोन दिवसांत तात्या. टेम्पोतून कांदा उतरवून थेट आले, टोपी हातात. त्यांच्या नातीचं लग्न जमत आलेलं. पाटीचा फोटो घरातल्या मोबाईलवरून भावकीच्या ग्रुपवर गेला होता आणि तिथून कुठे कुठे गेला देव जाणे. म्हणाले, "संजयराव, तिकडची मान्सं लई कडक हायत. आमच्या देवघरात ख्रिस्ती घरचे देव हायत, त्यांचा गहू म्हाळाला येतो, ह्ये वाचलं तर सोयरीक मोडंल. पोरीनं काय गुन्हा केला?" मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही.

अध्यक्षांकडे गेलो. दसऱ्याला दालन उघडायचं ठरलेलं, पाहुणे ठरलेले. ते म्हणाले, ज्यांची वस्तू त्यांनाच नको तर आपण कोण, काढून टाका, तमाशा नको. बरोबरच बोलले. माझंही तेच म्हणणं होतं ना? तुमच्याशी वर्षभर मी तेच भांडलो. जिंकलो होतो बाई. टेबलाशी येऊन बसलो तर तुमच्यावर इतका संताप आला की तुमची खुर्ची उचलून स्टोअरमध्ये नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी परत आणली.

संमती गेली की दुसरा भाग जातो. दुसरा भाग गेला की पहिला उरतो. नियम माझाच. मी नियमाप्रमाणे केलं, एक अक्षर इकडेतिकडे नाही. खंडोबाच्या खाली खंडोबा, भवानीच्या खाली भवानी. आणि पाचवीच्या खाली 'उभी स्त्री, नाव अज्ञात'. उर्दूत कोठल्याच्या मास्तरांनी 'नामालूम' लिहून दिलं. कधी नव्हे ते एकदाही न भांडता चार भाषांत एकमत झालं. हे मी शहाणपणाने केलं असं कुणी म्हणू नये. रागाने केलं. दोघांना वाद नको ना, मग घ्या, असं.

मग दोघांनाही फोन केला. म्हटलं, ओळ काढलीय, कच्च्या पाट्या लावल्यात, छापायच्या आधी डोळ्यांनी बघून जा. दोघांना एकच वेळ दिली. हे मात्र मुद्दाम.

सर्वपित्री होऊन गेली होती. शमुवेल आधी आला, कपाटाच्या त्या बाजूला उभा राहिला. तात्या आले ते या बाजूला. मधे काच, काचेत पाच टाक. एकमेकांना ओळख दिली नाही. दालनात दुसरं कोणी नव्हतं, पंखा तेवढा कुरकुरत होता. मी भिंतीला टेकून उभा. इथे दोघांची जुंपली तर दसरा, दालन, माझी नोकरी, सगळं गेलं असं वाटत होतं. आणि नातीची सोयरीकही गेली, ते तर कुठल्याच नोंदीत भरून येणार नव्हतं.

तात्या एकेक पाटी बोट लावून वाचत होते. काचेवर बोटाचा डाग उठत होता, एरवी मी ओरडलो असतो. पाचव्या पाटीशी बोट थांबलं.

"अज्ञात मंजी?"

"म्हणजे कोण आहे ते माहीत नाही," मी म्हटलं.

तात्या वळले. "कुनाला म्हाईत न्हाई?"

बाई, तुमचं आणि त्यांचं आयुष्यात कांद्याच्या भावापलीकडे बोलणं झालं नव्हतं. तरी तोच प्रश्न, त्याच रागाने. मी म्हटलं, "संग्रहालयाला माहीत नाही तात्या. ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगू नका म्हटलं."

तात्यांचं बोट काचेवरच होतं. मग पलीकडून शमुवेल, खाली बघत म्हणाला, "गोदाआजी आहे ती. त्यांची." आणि जरा थांबून, "आमचीपण."

तात्यांनी मान वर करून प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू एस्तेरचा भाचा का?"

इतका वेळ 'सर, सर' करणारा शमुवेल म्हणाला, "व्हय."

पुढचं सगळं एखाद्या व्यवहारासारखं झालं. कपाटाच्या दोन्ही बाजूंनी दोघे एकेक शब्द तोलायला लागले आणि मी लिहीत गेलो. नाव पाहिजे, यावर दोघे एक. आडनाव नको, गाव नको, यावरही एक. दोन मुलगे, थोरला आणि धाकटा, चालेल. 'ख्रिस्ती' शब्दाशी गाडी अडली. शमुवेल म्हणाला, धर्म बदलला असं नको, बदलला म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. तात्या बराच वेळ टोपी फिरवत राहिले. नातीचा विचार करत होते, दिसत होतं. मग म्हणाले, "दोन घरांची आजी लिवा. येक घर हिंदू, येक ख्रिस्ती. खोटं काय त्यात?" शमुवेलने मान हलवली.

मी विचारलं, आणि गहू?

"न्हाई," तात्या म्हणाले. "नको," शमुवेल म्हणाला. एकाच वेळी. त्ये आमच्याआमच्यात हाय, असं तात्यांनी वर सांगितलं. म्हणजे तुम्ही अर्ध्या जिंकलात आणि मी अर्धा. तुम्हाला हे आवडलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, गहूच तर खरी गोष्ट आहे. असेल. पण ती त्यांची आहे बाई, आणि विचारायला तुम्हीच शिकवलंत.

इथे हे लिहू का, तेही विचारलंय. शमुवेल आडनाव नसेल तर लिहा म्हणाला. तात्या म्हणाले, "लेखात लिवा की. लेख कोन वाचतंय?" आणि काष्टीच्या बाजारात दगडूतात्या म्हणून हाक मारली तर डझनभर माना वळतील.

आता मला कबूल करायला जड जातंय ते सांगतो. पाटी छापून आली. मी दुपारी तुमच्या स्टुलावर जाऊन बसलो. एक बाई लेकीला वाचून दाखवत होती, 'गोदाआजी, दोन घरांची आजी'. लेक म्हणाली, आपल्यासारखीच. कशी ते मला कळलं नाही, विचारायला हवं होतं. तुम्ही विचारलं असतंत. मी उठून टेबलाशी आलो. बाई, मला तुमची फार आठवण येते. टेबलावर कोणी माझं लिहिलेलं खोडत नाही, सगळं एका झटक्यात होतं आणि कशातच राम वाटत नाही.

पण तुम्हाला जे सांगायला बसलो ते निराळंच आहे. ते दोघे काचेशी भेटले त्याच दिवशी, जाताना झालं. तात्या दाराशी थांबले, टोपी घातली आणि शमुवेलला म्हणाले, "यंदा गहू आला न्हाई."

शमुवेल कावराबावरा झाला. आत्या मला काही बोलली नव्हती, मला ठाऊकच नव्हतं, असं काहीतरी सांगायला लागला. तात्यांनी हाताने थांबवलं.

"तसं न्हाई रं. आननारी गेली, गहू कुठनं येनार? म्हनून सर्वपित्रीला तिचं बी पान वाढलं आमी. गोदाआजीच्या शेजारी."

शमुवेल परत दालनात गेला आणि काचेपाशी उभा राहिला. हात जोडले नाहीत, नुसता उभा.

मी तात्यांबरोबर जिना उतरलो. तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. मी ख्रिस्ती बाई, मला कसलं पान वाढता, असं आधी. आणि लगेच, भाजी कोणती होती? म्हणून मीच विचारलं. तात्या म्हणाले, खीर हुती, वडे हुते, कढी आन् गवार.

मी त्यांना सांगितलं, तात्या, बाईंना गवार आवडायची नाही.

ते पायरीवर थांबले. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "आमाला काय म्हाईत," म्हणाले. "बरं झालं सांगितलं. फुडल्या साली भेंडी करू."